उशिरा आलेले बरोबर उत्तर

पाळी म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. माजलगावच्या कालव्याला पाणी सुटले म्हणजे वरच्या चाऱ्या भिजून ते खालच्या चारीला केव्हा पोहोचणार, कारखान्याची ऊसतोडीची चिठ्ठी केव्हा निघणार, कृषिपंपाला वीज दिवसा मिळणार की रात्री, या प्रश्नांवर येथील शेतकऱ्याचे वर्षाचे गणित अवलंबून असते. पाणी मिळाले काय, एवढे विचारून भागत नाही. ते केव्हा मिळाले, हा खरा प्रश्न असतो. ज्वारी पोटऱ्यात असताना हवे असलेले पाणी ताटे वाळल्यावर आले, तर दप्तरी पाणी दिल्याची नोंद होते आणि शेतकऱ्याच्या पदरी कडबा पडतो.

हाच न्याय आज यंत्रांच्या पोटात बसविलेल्या संगणकांना लागू झाला आहे. मोटारीचा ब्रेक, रुग्णाला श्वास पुरविणारा व्हेंटिलेटर, वीज उपकेंद्रातील रिले, कारखान्यातील बॉयलर या सर्वांवर आता संगणकाचे नियंत्रण असते. या संगणकांत एकाच वेळी अनेक कामे चालू असतात आणि कोणत्या कामाला केव्हा पाळी द्यावयाची हे ठरविणारी एक व्यवस्था असते. तिला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे वेळेशी बांधलेली कार्यप्रणाली, असे म्हणतात. या प्रणालीतील दोष कसे उत्पन्न होतात आणि कसे शोधले जातात, याची चर्चा तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर सहसा होत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्या वर्तुळात का डोकवावे, अशी शंका वाचकांस येईल. परंतु तुटपुंज्या साधनांची अनेक मागणीदारांत वाटणी कशी करावी, हाच जर अर्थशास्त्राचा विषय असेल, तर यंत्राच्या पोटातील वेळेची वाटणी हा त्याच शास्त्राचा एक पाठ होय. शिवाय ही वाटणी चुकली म्हणजे किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तर निखळ सार्वजनिक आहे.

व्यत्ययाची नोंदवही

परळीच्या औष्णिक केंद्राचे उदाहरण घ्यावे. तेथील जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास २० मिलिसेकंद लागतात. विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेचे एक आवर्तनही तेवढ्याच वेळाचे. वाहिनीवर दोष उद्भवला, तर ती तोडावी की राहू द्यावी याचा निर्णय रिलेला अशा एक-दोन आवर्तनांत करावा लागतो. हिशेब अचूक करून निर्णय अर्ध्या सेकंदाने आला, तर तो निर्णय बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. घरच्या संगणकाने पत्र छापण्यास दोन सेकंद अधिक घेतले तर आपण चरफडतो, एवढेच. येथे मात्र उशीर म्हणजेच चूक.

आता बाहेरच्या घटना काही यंत्राची सवड पाहून येत नाहीत. दाब वाढला, तापमान चढले, कोणी बटन दाबले, की त्या घटनेचा संकेत संगणकाकडे जातो आणि तो हातातील काम थांबवून तिकडे वळतो. यास इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, असे नाव आहे. एखाद्या कार्यालयातील आवक-जावक लिपिकाची कल्पना केल्यास ही रीत लवकर ध्यानात येईल. टपाल आले की शहाणा लिपिक नोंदवहीत नोंद करतो, क्रमांक घालतो आणि कागद संबंधित टेबलाकडे पाठवून देतो. तोच लिपिक प्रत्येक अर्ज दारातच वाचून निकालात काढू लागला, तर बाहेर रांग तुंबेल आणि आतील सर्व टेबले रिकामी बसतील. व्यत्यय हाताळणाऱ्या आज्ञावलीचा पहिला नियम हाच आहे: नोंद घ्या, पोच द्या, उरलेले काम मागाहून त्याच्या पाळीने करा. हा नियम मोडला, की पहिल्या प्रकारचे दोष सुरू होतात.

दुसऱ्या प्रकारचे दोष अधिक कपटी असतात. सोसायटीच्या खतावणीत शिल्लक ५०० रुपये आहे, असे एकाने पाहिले. तो २०० मिळवून ७०० लिहिणार, इतक्यात त्याला हाक आली. मध्यंतरी दुसऱ्याने त्याच ५०० मधून १०० वजा करून ४०० लिहिले. पहिला परतला आणि त्याने आपले ७०० लिहून टाकले. दोघांचेही गणित बरोबर, खतावणी मात्र खोटी. हाक एक क्षण आधी किंवा एक क्षण नंतर आली असती, तर काहीच बिघडले नसते. म्हणूनच असा दोष हजार वेळा तपासले तरी दिसत नाही आणि एक हजार एकाव्या वेळी दिसतो.

व्यत्ययांचा भार किती महागात पडू शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चंद्रावर उतरणे. यान खाली येत असताना संगणकाने १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे इशारे देण्यास सुरुवात केली. एका रडारचे बटन ज्या स्थितीत होते, त्यामुळे आणि दोन वीजपुरवठ्यांचा ताल एकमेकांशी न जुळल्यामुळे संगणकाकडे निरर्थक संकेतांचा ओघ लागला होता. प्रत्येक संकेत नोंदविण्यात यंत्राचा कणभर वेळ जाई आणि अशा कणाकणाने त्याचा सुमारे सातवा हिस्सा वेळ नाहीसा झाला. उतरण्याच्या कामाने संगणक आधीच भरलेला. उरलेली सवड संपताच कामे तुंबू लागली.

यान तरीही सुखरूप उतरले, याचे श्रेय दोन गोष्टींना आहे. एक म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील हॅल लॅनिंग यांनी आखलेली कामांच्या प्राधान्याची व्यवस्था. भार असह्य झाला की ती यंत्रणा स्वतःस पुन्हा सुरू करी, महत्त्वाची कामे जेथल्या तेथून उचली आणि दुय्यम कामे टाकून देई. दुसरी गोष्ट माणसांची. काही दिवसांपूर्वीच्या सरावात असाच इशारा आला असता मोहीम सोडून देण्याचा चुकीचा निर्णय झाला होता. त्यानंतर प्रमुखांच्या सांगण्यावरून प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ काय आणि तो आल्यास काय करावे, याची हाताने लिहिलेली यादी जॅक गारमन या २४ वर्षांच्या अभियंत्याने तयार ठेवली होती. त्या यादीच्या आधारे काही सेकंदांत पुढे चला, असे सांगता आले. सरावातील चूक दडपली गेली असती, तर ती यादी झालीच नसती.

प्राधान्याचा विपर्यास

महत्त्वाच्या कामाला पहिली पाळी दिली म्हणजे सर्व सुरळीत होईल, असा समज यावरून होण्याचा संभव आहे. तो खोटा ठरविणारे उदाहरण २८ वर्षांनी, मंगळावर घडले.

ते समजण्यासाठी एका ग्रामीण रुग्णालयाची कल्पना करावी. प्राणवायूच्या सिलिंडरांच्या खोलीची किल्ली एका शिपायाकडे आहे. डॉक्टरांपुढे अत्यवस्थ रुग्ण आहे आणि त्यांना ती किल्ली हवी आहे. शिपाई खोलीतील आपले किरकोळ काम आवरून किल्ली देण्यास निघतो, तोच कार्यालयातील लिपिक त्याला फाईल आणण्यास पाठवितात. लिपिकांचा हुकूम शिपायावर चालतो. त्यात गैर काही नाही. फाईल संपली की दुसरी, मग तिसरी. डॉक्टरांचा अधिकार सर्वांत मोठा, त्यांच्या विरुद्ध कोणीही नाही, कोणीही कामचुकार नाही, आणि तरीही रुग्ण ताटकळत आहे. मधल्या पायरीवरच्या कामाने सर्वांत वरच्या कामाला अडविले आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. संगणकशास्त्रात यास प्रायॉरिटी इन्व्हर्शन म्हणतात; आपण त्यास प्राधान्याचा विपर्यास म्हणू.

अमेरिकेचे मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. सोजर्नर ही छोटी गाडी, छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी यांनी जग हरखून गेले. परंतु काही दिवसांतच यानावरील संगणक मधूनच स्वतःस बंद करून पुन्हा सुरू करू लागला. त्या दिवसाचे उरलेले काम त्यामुळे दुसऱ्या दिवसावर जाई. या संगणकावर विंड रिव्हर या कंपनीची व्हीएक्सवर्क्स ही कार्यप्रणाली होती. यानाच्या निरनिराळ्या भागांत माहितीची ने-आण करणाऱ्या कामाला फार वरचे प्राधान्य होते, हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कामाला खालचे, आणि दळणवळणासारखी कामे मधल्या पायरीवर होती. वरच्या आणि खालच्या कामांची एका ठिकाणी सामाईक किल्ली होती. हवामानाचे काम किल्ली घेऊन बसलेले असताना मधली कामे त्याला बाजूस सारून चालू होत आणि वरचे काम किल्लीची वाट पाहत खोळंबे. आवर्तन सेकंदाच्या आठव्या हिश्श्याचे होते. तेवढ्या अवधीत माहितीचे वाटप पुरे झाले नाही असे दिसताच, काही तरी गंभीर बिघडले असे समजून, यंत्रणा स्वतःस पुन्हा सुरू करी.

या दुखण्याचे औषध माहीत नव्हते असे नाही. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉक्झ्की यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ते सविस्तर मांडलेले होते. यांपैकी राजकुमार हे भारतीय वंशाचे. औषध साधे आहे: डॉक्टर ज्याच्या किल्लीसाठी खोळंबले आहेत, त्या शिपायाला किल्ली परत करीपर्यंत डॉक्टरांचेच प्राधान्य द्यावे, मग लिपिक त्यास हलवू शकणार नाहीत. किल्ली दिली की शिपाई पुन्हा शिपाई. यास प्राधान्याचा वारसा असे नाव पडले आहे. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीही. परंतु त्या विशिष्ट किल्लीपुरती ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून रेडिओने दुरुस्ती पाठवून ती चालू करण्यात आली आणि यान पुन्हा नीट चालू लागले.

दोष पकडण्याची रीत

या प्रकरणातील खरा धडा औषधात नसून निदानात आहे. यानाची हुबेहूब प्रतिकृती प्रयोगशाळेत ठेवलेली होती. कोणते काम केव्हा सुरू झाले, कोणी कोणाला थांबविले, कोणती किल्ली कोणाकडे होती, याची क्षणाक्षणाची नोंद घेणारी सोय आज्ञावलीत होती आणि जे तपासले तेच उडवावे या तत्त्वाने ती उड्डाणापूर्वी काढून टाकलेली नव्हती. अभियंत्यांनी प्रतिकृतीवर तीच कामे, तोच भार चालविला आणि एक दिवसाच्या आत तोच बिघाड पुन्हा घडवून दाखविला. मग नोंद वाचली. पुढचे काम सोपे होते. हा बिघाड यान उतरण्यापूर्वी चाचण्यांतही दिसून गेला होता. परंतु तेव्हा तो पुन्हा घडविता आला नाही, म्हणून त्याचे मूळ सापडले नाही, ही गोष्टही त्या अभियंत्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवली.

पुन्हा घडवून दाखविता येत नाही तोवर दोष सापडला असे म्हणू नये, हा या विद्येचा पहिला दंडक आहे. तो न पाळल्याची किंमत थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राच्या इतिहासात दिसते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात अधिक किरण दिले आणि त्यांतील काही दगावले. यंत्र असे करूच शकत नाही, असे उत्पादक कंपनी प्रारंभी सांगत राहिली. टेक्सास राज्यातील एका रुग्णालयात मात्र तेथील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र चालविणाऱ्या महिलेस सोबत घेतले आणि त्या दिवशी नेमके काय टंकले होते ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. तेव्हा उलगडले, की चुकीचे अक्षर टंकून ते फार चपळाईने दुरुस्त केले, तरच बिघाड होतो. यंत्रातील चुंबके स्थिरस्थावर होण्यास सुमारे ८ सेकंद लागत आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागास कळतच नसे. नवख्या माणसाच्या हातून तो बिघाड घडणे कठीण होते. सरावलेल्या हाताची चपळाई त्यास कारण झाली. चालविणाऱ्या व्यक्तीची साक्ष कंपनीच्या खात्रीहून मोलाची ठरली.

तिसरे उदाहरण विजेचे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडा येथील सुमारे ५ कोटी लोक अंधारात बुडाले. वाढलेली झाडे, तारा आणि संस्थांचा गलथानपणा ही त्याची मोठी कारणे होतीच. परंतु ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारा देणारी संगणकप्रणाली त्या दुपारी मुकाट्याने बंद पडली होती आणि तासाहून अधिक काळ तेथील कर्मचाऱ्यांना हे ठाऊकच नव्हते. पडदा स्वच्छ होता, म्हणून जाळेही ठीक आहे असे ते समजून होते. लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीत दोष शोधण्यास कित्येक आठवडे लागले. दोन कामांनी एकाच माहितीला एकाच क्षणी हात घातल्यामुळे, सोसायटीच्या खतावणीसारखाच, तो घोटाळा झाला होता. ती क्षणाची फट सापडावी म्हणून अभियंत्यांनी प्रणालीत मुद्दाम विलंब घालून तिचा वेग मंद केला, तेव्हा कोठे दोष हाती लागला. तीच प्रणाली अन्यत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. आजवर चालले, हा युक्तिवाद या क्षेत्रात किती पोकळ आहे, हे यावरून दिसेल.

पूर्ण क्षमतेचा मोह

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा एक सिद्धांत १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी मांडला. ठरावीक कालांतराने येणाऱ्या, परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक कामांना कायमची प्राधान्ये वाटून द्यावयाची असतील, तर ज्या कामाची पाळी वारंवार येते त्याला वरचे प्राधान्य द्यावे, हे त्यांनी सिद्ध केले. आणि पुढे असे दाखविले, की कामांची संख्या कितीही असो, यंत्राचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवला, तर प्रत्येक काम आपल्या मुदतीत होईल याची हमी देता येते. त्याच्या वर गेल्यास बिघाड होईलच असे नव्हे, परंतु ही सरसकट हमी संपते. मुदत जवळ येईल तसे प्राधान्य बदलत नेण्याची दुसरी रीत वापरली, तर गणिताने शंभर टक्क्यांपर्यंत जाता येते. तथापि भार तेथूनही वर गेला म्हणजे त्या रीतीत कोणते काम बुडेल ते आधी सांगणे कठीण जाते.

रिकामी क्षमता म्हणजे उधळपट्टी, असे आमच्या शास्त्राची पाठ्यपुस्तके शिकवीत आली आहेत. यंत्रांचे हे गणित सांगते, की वेळेची हमी हीदेखील एक वस्तू आहे आणि राखून ठेवलेली सवड ही तिची किंमत आहे. पाण्याच्या बाबतीत हे आपण भोगले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळाने खडका बंधाऱ्याचे पाणी आटले आणि परळीचे ११३० मेगावॅटचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. तो दोष संगणकाचा नव्हता. परंतु सवड न ठेवता आखलेली व्यवस्था पहिल्या मोठ्या धक्क्याला कशी थांबते, याचे ते उदाहरण होय.

सर्वांत खालच्या प्राधान्याच्या कामाचे काय होते, हेही पाहावयास हवे. वरची कामे येतच राहिली तर त्याची पाळी कधीच येत नाही. संगणकशास्त्रात या अवस्थेला शब्दशः उपासमार असेच नाव आहे. तिच्यावरचा उपाय असा, की जो जितका काळ खोळंबला असेल, त्याचे प्राधान्य तितके वाढवीत जावे. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला प्रथम पाणी देऊन मग मुखाकडे येण्याची जी रीत आपल्या सिंचन खात्यात सांगितली जाते, तिचा हेतू याहून निराळा नाही. समाजाला यंत्राचे नियम सरसकट लावू नयेत हे खरे. परंतु पाळीचा न्याय जेथे मोडतो, त्या जागा दोन्हीकडे सारख्या आहेत, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

बंद करा, पुन्हा सुरू करा

आता आपल्याकडे वळू. अंतराळयाने आणि अमेरिकेतील वीजकंपन्या यांच्याशी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याला काय कर्तव्य, असा आक्षेप निश्चितच येईल. वस्तुस्थिती अशी आहे, की ही यंत्रे आपल्या दारात येऊन उभी आहेत. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत, उपकेंद्रापासून साखर कारखान्यापर्यंत, सर्वत्र वेळेशी बांधलेले संगणक कामास लागलेले आहेत. मोठ्या शहरात एक यंत्र अडले तर शेजारी दुसरे असते. आमच्या भागात ते बहुधा एकच असते आणि दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून यावयाचा असतो. म्हणून दोषाची किंमत येथे अधिक पडते.

आणि दोष दिसला म्हणजे आपण काय करतो? यंत्र बंद करतो आणि पुन्हा सुरू करतो. ते चालू लागले की तक्रार मिटली असे समजतो. पुन्हा सुरू करणे हे प्रथमोपचार म्हणून योग्य आहे. अपोलोच्या आणि पाथफाइंडरच्या यंत्रणांनीही तेच केले. परंतु त्यांनी नोंद राखली आणि कारण शोधले. आपल्याकडे पुन्हा सुरू करताना यंत्राच्या स्मृतीतील पुरावाच अनेकदा पुसला जातो. गुन्ह्याची जागा पंचनाम्यापूर्वी धुऊन काढण्यासारखेच हे आहे.

धान्य दुकानातील अंगठ्याचे यंत्र काही काटेकोर अर्थाने वेळेशी बांधलेले यंत्र नव्हे. परंतु ऊसतोडीवरून परतलेली बाई एक दिवसाची मजुरी बुडवून दुकानात आलेली असते. यंत्र अडले आणि उद्या या, असे तिला सांगितले, तर मुदत चुकलीच. मुदत यंत्राच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली नसते; ती माणसाच्या जगण्यात असते. या विलंबाचा खर्च यंत्र पुरविणाऱ्याच्या ताळेबंदात कोठेही येत नाही, खरेदी करणाऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकातही येत नाही. रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्याच्या खिशातून तो जातो. जो खर्च निर्माण करतो त्याच्यावर तो पडत नसेल, तर त्याला तो कमी करण्याचे कारण उरत नाही, हे अर्थशास्त्राचे अगदी प्राथमिक सूत्र आहे.

त्यासाठी तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली खरेदीच्या अटींची. ज्या यंत्रावर जीव, पीक किंवा मजुरी अवलंबून आहे, त्याने घटनांची वेळेसह नोंद राखली पाहिजे आणि ती नोंद यंत्र विकत घेणाऱ्या संस्थेच्या मालकीची असली पाहिजे. दुरुस्ती झाली असे म्हणण्यासाठी कारण काय होते, बिघाड पुन्हा घडवून दाखविला काय आणि काय बदलले, या तीन रकाने असलेला अहवाल पुरवठादाराने द्यावा. नुसते बंद करून सुरू केल्यास ती दुरुस्ती समजू नये आणि तिचे पैसेही देऊ नयेत.

दुसरी गोष्ट चाचणीची. यंत्र स्वीकारताना ते शांत वेळी चालवून पाहण्यात अर्थ नाही. सर्व संकेत एकदम येतील, सर्व कामे एकाच वेळी पाळी मागतील, अशा गर्दीत त्याची परीक्षा व्हावी. ती घेताना यंत्र रोज चालविणारा तंत्रज्ञ, परिचारिका किंवा ऑपरेटर यांस समक्ष बसवावे आणि पुढेही त्यांच्या तक्रारीस पुराव्याचा दर्जा द्यावा.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या अखत्यारीतील आहे. आमच्या भागातील मुले संगणकाची पदवी घेतात, पडद्यावर सुबक पाने मांडण्यास शिकतात. परंतु दोन कामे एकाच क्षणी एका वस्तूस हात घालतात तेव्हा काय होते, हे त्यांतील बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते. यास पैशाचा अडसर आहे असेही म्हणता येत नाही. काही शे रुपयांच्या छोट्या संगणकफलकावर फ्रीआरटीओएससारखी विनामूल्य कार्यप्रणाली चालते. लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीत वेळेची काटेकोर हमी देण्यासाठी केलेले सुमारे दोन दशकांचे काम २०२४ साली मूळ प्रवाहात सामील झाले. पाथफाइंडरचा विपर्यास तीन कामे, एक किल्ली आणि एक दिवा घेऊन कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका दुपारी घडवून दाखविता येईल आणि दुरुस्तही करता येईल. ज्याने तो एकदा घडविला आणि पकडला, त्या विद्यार्थ्याला पुण्यात वा बंगळुरात काम मिळेल ते मिळो. परंतु तो गावी राहिला तर उपकेंद्रातील, कारखान्यातील, रुग्णालयातील यंत्रे त्याच्याविना अडून राहणार नाहीत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पुरवठादार म्हणतील, की आज्ञावली हे आमचे व्यापारी गुपित आहे. ते त्यांनी खुशाल राखावे. येथे मागणी आज्ञावलीची नसून घटनांच्या नोंदीची आहे. औषधाची कृती गुप्त ठेवणाऱ्यालाही रुग्णाचा ज्वर लपविण्याचा अधिकार नसतो. दुसरा आक्षेप असा, की यामुळे यंत्रांची किंमत वाढेल. वाढेलही. परंतु आज ती किंमत नाहीशी झालेली नाही, केवळ दिसेनाशी झालेली आहे. ती खरेदीच्या कागदावर दिसू लागली, तर निदान कमीत कमी किमतीची निविदा आणि खरोखर स्वस्त यंत्र यांतील फरक तरी कळेल.

पाथफाइंडरवरील बिघाड कोट्यवधी किलोमीटर अंतरावरून दुरुस्त झाला, कारण त्याची नोंद होती, प्रतिकृती होती आणि जे दिसले ते खरे मानण्याची वृत्ती होती. आमच्या रुग्णालयातील यंत्र तर हाताच्या अंतरावर आहे. ते पुढच्या वेळी अडेल तेव्हा त्याचे बटन दाबण्यापूर्वी कोणी तरी वही उघडून वेळ लिहिली पाहिजे. आणि ती वही मागण्याचा हक्क रांगेतील शेवटच्या माणसालाही असला पाहिजे.